परळचे आवार ते वऱ्हाडचा दवाखाना : हाफकिन संस्थेची वाटचाल

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगने पाय रोवले आणि शहर रिकामे होऊ लागले. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन हे जीवाणूशास्त्रज्ञ कलकत्त्याहून येथे आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले आणि पटकीवरील लस घेऊन भारतात आलेले हे गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तोकड्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम सुरू केले. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. हाफकिन संस्थेचा आरंभ तो हाच.

पहिली कसोटी लवकरच आली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. लसीची कुपी मलकोवालमध्येच उघडताना दूषित झाली असावी, हे पुढे मान्य झाले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. संस्थेचे काम मात्र या काळातही थांबले नाही. १९०६ मध्ये तिला ‘मुंबई जीवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा’ हे नाव मिळाले, तर १९२५ मध्ये संस्थापकाचे. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत लस, प्रतिविषे आणि औषधे देशातच तयार करण्याचा आग्रह संस्थेच्या अंगी मुरला. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले आणि प्रशिक्षण, संशोधन व चाचणी मूळ संस्थेकडे राहिली.

वऱ्हाडला ही संस्था जवळची वाटते ती सर्पदंशावरील प्रतिविषामुळे. पावसाळ्यात अमरावती-अकोल्याच्या शेतांत सोयाबीन आणि कपाशी उभी असते. हिवाळ्यात वीज अनेकदा रात्रीच मिळते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात बांधावर जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांशी त्याची गाठ पडू शकते. रुग्ण अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोहोचला की परिचारिका दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत काढून ती २० मिनिटे न हलवता ठेवते. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनल्याचे समजायचे. मग प्रतिविषाच्या पांढऱ्या भुकटीच्या कुपीत निर्जंतुक पाणी घालायचे आणि ती तळहातात हळूहळू फिरवायची, कारण जोरात हलवली तर फेस येतो. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या सलाईनमधून जातात. ॲड्रिनॅलिनची सिरिंज भरून जवळ ठेवलेली असते.

ती सिरिंज हाताशी का ठेवावी लागते, याचे उत्तर प्रतिविषाच्या उगमात आहे. ही भुकटी घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला विषाची अल्प, क्रमाने वाढती मात्रा टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढून पेप्सिन या पाचक विकराने त्यांचे तुकडे करतात. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या शिरेत दुसऱ्या प्राण्याच्या शरीराचा अंश जातो. माणसाचे शरीर तो परका म्हणून ओळखते. काहींना लगेच त्रास होतो, तर काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी होते.

या परकेपणामागे घोड्याची प्रथिने आहेतच, पण एक साखरही आहे. घोडा, गाय, डुक्कर, मेंढी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत सीएमएएच नावाचा जनुक असतो. पेशींच्या पृष्ठभागावरील सायलिक आम्ल या साखरेत तो ऑक्सिजनचा एक अणू वाढवतो. सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी मानवाच्या पूर्वजांत या जनुकातील ९२ अक्षरांचा तुकडा गळाला आणि तो कायमचा निकामी झाला; म्हणून ही बदललेली साखर माणसाला परकी ठरते. मूळच्या केरळच्या, वेल्लोरला वैद्यकशास्त्र शिकलेल्या अजित वर्की यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने १९९८ च्या सुमारास हे उलगडले. त्याची चाहूल मात्र फार आधी लागली होती. घोड्याचे सीरम घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात वेगळीच प्रतिपिंडे आढळतात, असे हंगानुत्सियू यांनी १९२४ मध्ये आणि डायखर यांनी १९२६ मध्ये नोंदवले होते. ती याच साखरेविरुद्धची होती. पेप्सिनने प्रतिपिंडाची शेपटी कापली जाते तेव्हा तिच्यावरील ही साखरही बरीचशी निघून जाते. जनुकाचे नावही ठाऊक नसताना प्रतिविष बनवणाऱ्यांनी हाताच्या अनुभवातून या अडचणीवर अर्धा तोडगा काढला होता, ही बाब या क्षेत्रातील प्रत्येक अज्ञात कामगाराच्या खात्यावर मांडली पाहिजे.

प्राण्याचा अवयव माणसात बसवणाऱ्यांनाही हीच भिंत आडवी आली. आसामातील सोनापूर येथे १९९७ मध्ये डुकराचे हृदय बसवलेला रुग्ण आठवडाभरच जगला. २०१३ मध्ये अमेरिकेत सीएमएएच आणि दुसऱ्या एका साखरेचा जनुक अशी दोन्ही बंद केलेली डुकरे तयार झाली. मानवी रक्तातील प्रतिपिंडे त्यांच्या पेशींना पूर्वीपेक्षा खूप कमी चिकटली. ७ जानेवारी २०२२ रोजी मेरीलँडमध्ये ज्या रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, त्या डुकरात १० जनुकीय बदल होते आणि त्यांत सीएमएएच काढून टाकणे हा एक होता. रुग्ण दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये ६९ बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड बसवण्यात आले.

प्रतिविषाच्या घोड्यांत हा जनुक अजून तसाच आहे. तरीही सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतून उभ्या राहिलेल्या या परंपरेने वऱ्हाडातल्या असंख्य घरांतील कर्ती माणसे वाचवली आहेत. घोडे सांभाळणारे, विष काढणारे, कुप्या भरणारे आणि रात्रपाळीला इर्विन-सर्वोपचारमध्ये त्या उघडणारे हात तिचे खरे वारसदार आहेत. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, जखम कापू नये, दोरी आवळू नये. चावलेला भाग स्थिर ठेवून थेट सरकारी दवाखाना गाठावा. तेथे प्रतिविष मोफत मिळते.