क्रेडिट कार्डचं लिमिट वाढवायचंय? 'रिक्वेस्ट'चं बटण दाबण्याआधी हे वाचा

बँकेचं ॲप उघडलं की वरच रंगीत पट्टी दिसते: 'तुमचं लिमिट २०,००० वरून ६०,००० करा, फक्त एका क्लिकवर.' ना कागद, ना बँकेत चकरा. परभणीत वसमत रोडला रूम करून राहणारा, नुकती पहिली नोकरी लागलेला मुलगा ती पट्टी बघतो आणि शेजारी बसलेला मित्र म्हणतो, "घे की वाढवून, वापरायचं थोडंच हाय, पडून राहील."

पडून किती दिवस राहतं, हे दिवाळीच्या सेलमध्ये कळतं. पण खर्चाचा मोह ही झाली एक गोष्ट. लिमिट वाढलं की आणखी काय काय बदलतं, ते आज बघूया.

लिमिट म्हणजे पगार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ॲपमध्ये 'उपलब्ध रक्कम ६०,०००' असं दिसलं की डोकं त्याला आपलेच पैसे समजतं. त्यात सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे पेट्रोल पंप, किराणा, चहाची टपरी, जिथे दुकानदाराचा क्यूआर चालतो तिथे उधारीवर स्कॅन. खात्यातून गेले की कार्डातून, हे पेमेंट करताना लक्षातही येत नाही.

सावकारापेक्षा महाग?

हा शब्द मुद्दाम वापरतोय. मराठवाड्यात सावकार म्हटलं की लोक सावध होतात. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरवलेल्या दरानुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि इतरांकडून १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. (परवाना नसलेले काय घेतात, तो वेगळा विषय.) क्रेडिट कार्डवर बाकी ठेवली तर साधारण महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावरचं ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. त्यामुळे ती ३० टक्क्यांची भिंतही आता नाही.

हिशोब करून बघा. समजा जुनं लिमिट २०,००० होतं आणि तुम्ही ते पूर्ण वापरलंत. महिन्याचं व्याज ७००, जीएसटी १२६, मिळून ८२६ रुपये. बिलावर 'किमान देय' म्हणून साधारण ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये लिहिलेले असतात. तेवढे भरले तर मूळ रकमेतून कमी झाले फक्त १७४ रुपये.

आता लिमिट ६०,००० झालं आणि तेही भरलं. व्याज २,१००, जीएसटी ३७८, मिळून २,४७८. किमान देय ३,०००. तीन हजार खिशातून गेले आणि कर्ज उतरलं ५२२ रुपयांनी! शिवाय बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या रिचार्जवरही आजपासूनच व्याज. एटीएममधून कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळं शुल्क, आणि लिमिट वाढलं की सहसा ही रोख काढायची मर्यादाही वाढते.

परभणी, मानवत, सेलू, जिंतूरच्या घरांमध्ये यात आणखी एक अडचण आहे. नोकरी करणाऱ्या मुलाचा पगार महिन्याला येतो, पण घरचा पैसा हंगामाला येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आगेमागे, कापूस त्यानंतर वेचणी होईल तसा. पावसाने खाडा केला की तोही नाही. पीक कर्जाची रचना हंगाम धरूनच केलेली असते. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला येतं, त्याला मृग काय आणि मार्च काय. जून महिन्यात बियाणं-खतासाठी घरी पैसे कमी पडले म्हणून कार्ड वापरायचं आणि 'माल विकला की भरू' म्हणायचं, तर मधल्या चार-पाच महिन्यांचं व्याज माल विकायच्या आधीच चढलेलं असतं. मोठ्या लिमिटचा सगळ्यात मोठा धोका मला तरी हाच वाटतो, कारण इथे उधळपट्टी कुणीच करत नाही. गरजेपोटीच अडकतात.

तुम्ही मागितलं, की एक संरक्षण गेलं

हे फारसं कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार बँकेला तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. न मागता कार्ड दिलं किंवा अपग्रेड केलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते शुल्क परत करून वर त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. पण तुम्ही स्वतः रिक्वेस्ट टाकली, ओटीपी दिला, की तीच तुमची स्पष्ट संमती. त्यानंतर 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. म्हणून पट्टीवर बोट ठेवण्याआधी खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. कधी कधी लिमिटसोबत कार्डही बदलतं आणि वार्षिक शुल्क मागून येतं.

दुसरं, स्कोअर. तुम्ही लिमिट मागितलं की बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवू शकते आणि त्याची 'चौकशी' म्हणून नोंद होते. बँकेने स्वतः दिलेल्या ऑफरमध्ये बऱ्याचदा तशी नोंद होत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. अर्ज नाकारला तरी नोंद राहते. एका बँकेने नाही म्हटलं म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकला, तर रिपोर्ट बघणाऱ्याला 'याला पैशाची फार निकड दिसते' असंच वाटणार. उद्या घरचा ट्रॅक्टर किंवा बहिणीचं शैक्षणिक कर्ज घेताना सहकर्जदार म्हणून तुमचं नाव लागलं, तर हाच रिपोर्ट उघडला जातो.

लिमिट वाढवण्याचा खरा फायदाही आहेच. २०,००० च्या लिमिटवर दरमहा १५,००० वापरले तर वापर ७५ टक्के दिसतो. लिमिट ५०,००० झालं तर तोच खर्च ३० टक्के. स्कोअरसाठी वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हणतात, ते यासाठी. मात्र बिल तयार होण्याच्या तारखेआधीच थोडी रक्कम भरून टाकली तरी हेच साधतं, आणि कुणाकडे काही मागावं लागत नाही.

'सर, लिमिट वाढवून देतो' असा फोन आला तर

क्रेडिट कार्डच्या फसवणुकीत हे बहाणं नेहमीचं आहे. तुम्ही खरंच लिमिटची वाट बघत असाल तर आणखी पटकन फसता. समोरचा मराठीत, नाव घेऊन, कार्डाचे काही आकडे सांगून बोलतो. मग व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल येते, बँकेचा लोगो असलेली. ती टाकली आणि एसएमएसची परवानगी दिली की पुढचे ओटीपी तुमच्याआधी तो वाचतो. ओळखायचं कसं? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे. साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून 'बँक' बोलत असेल तर फोन ठेवा. बँकांच्या वेबसाइटचा पत्ताही आता 'डॉट बँक डॉट इन' असा असतो. नंबर खरा वाटला तरी ओटीपी, सीव्हीव्ही सांगायचा नाही, कारण लिमिट वाढवायला बँकेला सीव्हीव्ही लागतच नाही.

पैसे गेलेच तर? लगेच बँकेत कार्ड ब्लॉक करा आणि १९३० ला फोन लावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि पाच लाखांच्या वर लिमिट असेल तर २५,०००. म्हणजे लिमिटसोबत हा आकडाही वाढतो. आणि ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. अशा वेळी चोराला किती नेता येईल हे तुमच्या लिमिटवरच ठरतं.

तरीही वाढवायचंच असेल तर

दवाखान्यासाठी, ॲडमिशनसाठी हाताशी असावं म्हणून वाढवायचं असेल तर वाढवा. फक्त त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन कार्ड कंट्रोल उघडा. २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावीच लागते. ऑनलाइन, स्वाइप मशीन, एटीएम, टॅप करून पेमेंट, परदेशी व्यवहार, प्रत्येकाची वेगळी मर्यादा लावता येते किंवा ते बंदच करता येतं. लिमिट ६०,००० असलं तरी ऑनलाइन ५,००० वर ठेवा, परदेशी व्यवहार आणि एटीएम बंद. गरज पडली की दोन मिनिटांत वाढवता येतं. बिलासाठी ऑटो-पे लावताना 'किमान देय' ऐवजी 'पूर्ण रक्कम' निवडा. बऱ्याच जणांची चूक इथेच होते.

एफडीवर कार्ड घेतलं असेल तर लिमिट वाढवायला आणखी एफडी ठेवावी लागते, आणि बिल थकलं तर बँक त्याच एफडीतून वसूल करते.

आधीच वाढवून बसला असाल तर कस्टमर केअरला सांगून किंवा लेखी विनंती करून लिमिट कमी करून घेता येतं. विनंती मेलवर करा, उत्तर जपून ठेवा. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८.