मिठी मारणारे शब्द

मांजराने नदीला मिठी मारली तर काय होते? इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्यात गाडी होते. मांजर म्हणजे ‘कॅट’. नदीसाठी ‘रिव्हर’चे आद्याक्षर ‘आर’. ते मांजराच्या कवेत, शेवटच्या ‘टी’आधी शिरले की ‘कार्ट’ तयार. मिठी हा इथे सोडवणाऱ्याला दिलेला हुकूम असतो.

सुरुवातीला इतका वळसा नव्हता. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले. शंकरपाळ्याच्या आकाराच्या त्या कोड्यात सरळ अर्थ दिलेले होते. त्या पठडीत ‘आलिंगन’ विचारले की ‘हग’ लिहायचे आणि पुढे जायचे. अमेरिकी चौकटीत प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येते, त्यामुळे तिथे एवढे पुरते.

ब्रिटिश चौकटीत काळी घरे जास्त. शब्दातली जेमतेम निम्मी अक्षरे दुसऱ्या शब्दाशी जुळतात. म्हणजे ताळा पाहायची सोय सूत्रातच हवी. एका टोकाला अर्थ आणि उरलेल्या भागात अक्षरांची करामत, ही रीत तिथे रुजली. तिचा आद्य पुरुष म्हणजे एडवर्ड पॉइस मॅदर्स. स्पेनच्या कर्दनकाळ धर्मन्यायाधीशाचे ‘टॉर्केमाडा’ हे नाव घेऊन त्यांनी १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’च्या वाचकांचा छळ केला. याच गृहस्थांनी काश्मिरी कवी बिल्हणाची ‘चौरपंचाशिका’ स्वैर रूपांतराने इंग्रजीत नेली होती. प्रेयसीच्या मिठीच्या आठवणींनी भरलेले ते काव्य. मॅदर्स यांना विषयाची तयारी नव्हती असे कोण म्हणेल?

शिस्त लावली ती त्यांच्या जागी आलेल्या ‘झिमेनेस’ यांनी, म्हणजे अभिजात भाषांचे शिक्षक डेरिक मॅकनट यांनी. १९६६ च्या पुस्तकात त्यांनी नियम मांडले. सूत्राने वाचकाला खुशाल चकवावे, पण व्याकरण चोख हवे. मांजर मिठी ‘मारते’ की मिठीत ‘सापडते’, यावर कोण बाहेर नि कोण आत हे ठरते.

मिठीला पर्यायही खूप. गिळणे, वेढणे, तुरुंगात टाकणे, सगळे चालते. ‘घालणे’ मात्र उलटे: कपडे घालणारा आत असतो. सर्वांत बेरकी शब्द ‘विदाउट’. वाचक ‘शिवाय’ समजून चुकतो. रचणाऱ्याच्या मनात ‘बाहेर’ हा त्याचा जुना अर्थ असतो.

मराठी वृत्तपत्री कोडी बहुतेक अर्थावरच चालतात. वास्तविक ज्यांचे उत्तर श्लोकातच दडलेले असते अशा अंतर्लापिका संस्कृतात होत्याच. अडचण अक्षरांची आहे. आपल्या चौकोनात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते, सुटा स्वर कोणाच्या कुशीत सरकवता येत नाही. तरी वाट अगदीच बंद नाही. ‘नराला गची बाधा झाली, शहर वसले (३)’ : नगर.