घरच्या घरी कॉकटेल कसे करावे? कृती, मोजमाप आणि कायदा

रोडपाली हे पनवेल तालुक्यातले जुने गाव आता कळंबोली वसाहतीचा भाग झाले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळच सुरू होतो आणि गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 ही पनवेलमधूनच निघतो. त्यामुळे इथल्या घरांत शनिवारी रात्री पाहुणे येतात ते बहुधा गाडी घेऊन. गोव्याहून परतणारा एखादा मित्र 'खास तुझ्यासाठी' म्हणून बाटलीही आणतो. मग कोणीतरी म्हणते, बारमध्ये जाऊन पैसे कशाला घालवायचे, कॉकटेल घरीच करू.

कॉकटेल घरी करणे अवघड नाही. साहित्य स्वयंपाकघरातलेच असते. पण बहुतेक घरांत एक गोष्ट चुकते, ती म्हणजे माप. अंदाजाने ओतलेले कॉकटेल चवीला बिघडते. शिवाय पोटात किती मद्य गेले, हे ना पिणाऱ्याला कळते ना वाढणाऱ्याला. म्हणून या लेखात प्रत्येक कृतीबरोबर माप दिले आहे आणि त्या मापाचा अर्थही सांगितला आहे.

कॉकटेल म्हणजे नेमके काय?

मद्यात आंबट, गोड आणि पातळ करणारे काही मिसळले की कॉकटेल होते. मद्य जळजळीत असते, आंबट चव ती जळजळ झाकते, साखर आंबटपणा आवरते आणि पाणी किंवा बर्फ सगळ्यांना एकत्र आणतो. या चारांचा तोल साधला की झाले.

हे सूत्र आपल्याकडे फार जुने आहे. 'पंच' हे मिश्र पेय इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलले. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंमुळे त्याला 'पंच' हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबईच्या इंग्रज सरकारच्या 1694 मधील एका हुकुमात पंचाचे मापच ठरवून दिलेले आढळते. खानावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचे पाणी मागता येईल आणि आपला पंच त्याने आपण करून घ्यावा, असा त्याचा आशय आहे.

एका क्वार्टात दोन पाइंट असतात. म्हणजे अरकाच्या चौथ्या हिश्शाइतके लिंबू. आजच्या एका ग्लासाचा हिशोब केला तर 60 मिली मद्याला 15 मिली लिंबू आणि साधारण 12 ते 14 ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे. सव्वातीनशे वर्षांनंतरही हे प्रमाण पिण्याजोगे आहे. क्युबातील एका गावाच्या नावाने ओळखली जाणारी डायकिरी, म्हणजे रम, लिंबू आणि साखर, ही याच कुळातली.

आधी कायदा समजून घ्या

घरी कॉकटेल करणे म्हणजे तयार मद्यात इतर पदार्थ मिसळणे. घरी दारू गाळणे हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे आणि तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. राज्यात मद्याला सरसकट बंदी नाही, पण ते विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने असतात. बाटली स्वतःच्या घरी उघडली तरी हा नियम लागू राहतो.

रम, व्हिस्की, जिन, व्होडका यांसाठी महाराष्ट्रात किमान वय 25 आहे, तर बिअरसाठी 21. कॉलेजातल्या भाच्याला 'आता मोठा झालास' म्हणून ग्लास देण्याआधी हे लक्षात असू द्या.

गोव्याहून बाटली आणणे अनेकांना साधी गोष्ट वाटते. मात्र गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणे बेकायदा आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यावर कारवाई करतो. सोसायटीच्या सभागृहात किंवा एखाद्या हॉलमध्ये समारंभ करून मद्य द्यायचे असेल, तर त्यासाठी याच विभागाकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो.

बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्यावी आणि तिचे सील पाहावे. स्वस्त मिळते म्हणून सुटे किंवा लेबल नसलेले मद्य कधीही वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकते. मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही आणि लिंबू-साखर घातल्याने ते निकामीही होत नाही.

घरात काय लागते?

महागडा संच घ्यायची गरज नाही. पुढील वस्तू पुरतात.

माप: खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे छोटे प्लास्टिकचे माप स्वच्छ धुऊन वापरा. त्यावर 5, 10, 15 मिलीच्या खुणा असतात. आपल्याकडे छोटा पेग 30 मिलीचा आणि मोठा 60 मिलीचा धरतात.

शेकर: घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा काचेची बरणी.

गाळणी: चहाची चालते, फक्त तिला चहाचा वास नको.

ठेचायला: खलबत्त्यातला बत्ता. पुदिना हलकेच दाबायचा असतो. त्याचा लगदा केला तर पेय कडवट होते.

साखरेचा पाक: एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करून थंड करा. तार येऊ द्यायची नाही. थंड पेयात दाणेदार साखर नीट विरघळत नाही, म्हणून पाक लागतो. फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो.

लिंबू: ताजेच पिळा. एका रसाळ कागदी लिंबाचा साधारण 15 ते 20 मिली रस निघतो. आधी कापून ठेवलेल्या लिंबाला कडवट चव येते.

बर्फ: भरपूर हवा आणि खडे मोठे हवेत. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होते, भरपूर बर्फ एकमेकांना थंड ठेवतो. पनवेलच्या दमट उन्हाळ्यात हा फरक लगेच जाणवतो. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर बर्फाचा ट्रे झाकून ठेवा, बर्फ वास पटकन धरतो.

ढवळायचे की हलवायचे?

नियम सोपा आहे. लिंबाचा रस, फळाचा गर किंवा घट्ट सरबत असेल तर बर्फासह बंद बाटलीत 12 ते 15 सेकंद जोरात हलवा. हलवल्याने पेय थंड होते, त्यात हवा मिसळते आणि साधारण चौथ्या हिश्शाइतके पाणीही उतरते. हे पाणी कृतीचाच भाग आहे. सगळे घटक पातळ आणि पारदर्शक असतील तर ग्लासातच चमच्याने ढवळा.

सोडा, टॉनिक किंवा कोला बंद बाटलीत कधीही हलवू नका. दाबाने झाकण उडेल, काचेची बरणी फुटूही शकते. हे घटक शेवटी, ग्लासात वरून ओतायचे.

सहा सोप्या कृती

प्रत्येक माप एका ग्लासाचे आहे. सांग्रिया मात्र सहा जणांसाठी आहे.

1. मुंबई पंच: गडद रम 45 मिली, लिंबाचा रस 15 मिली, पाक 15 मिली, थंड पाणी 60 मिली. बर्फाबरोबर हलवून गाळा आणि वर जायफळ किसा. 1694 च्या प्रमाणाला जवळची, पण मद्य कमी केलेली ही कृती आहे.

2. व्हिस्की सावर: व्हिस्की 45 मिली, लिंबाचा रस 20 मिली, पाक 20 मिली. हलवून, बर्फ घातलेल्या ग्लासात गाळा.

3. जिन आणि टॉनिक: जिन 45 मिली, टॉनिक 120 मिली, लिंबाची फोड. ग्लास काठोकाठ बर्फाने भरून आधी जिन, मग टॉनिक. टॉनिकचा कडवटपणा क्विनाइनचा असतो. मलेरियावर दिले जाणारे क्विनाइन घशाखाली उतरावे म्हणून हिंदुस्थानातील इंग्रज ते साखर-सोड्यात आणि पुढे जिनमध्ये मिसळून घेऊ लागले. आजच्या टॉनिकमध्ये ते इतके कमी असते की त्याचा औषध म्हणून उपयोग नाही.

4. कोकम जिन: जिन 30 मिली, अमृत कोकम 30 मिली, लिंबाचा रस 10 मिली, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ, वर सोडा 120 मिली. अमृत कोकमात साखर असते, म्हणून पाक नको. त्याऐवजी आगळ वापरणार असाल तर फक्त 10 मिली घ्या, पाक 20 मिली घाला आणि मीठ व लिंबू गाळा, कारण आगळ मुळातच खारट-आंबट असते. घरी बहुतेक वेळा बिघडते ते या दोन बाटल्यांच्या अदलाबदलीने.

5. पन्हे व्होडका: व्होडका 30 मिली, उकडलेल्या कैरीचे गूळ-वेलची घातलेले दाट पन्हे 60 मिली, थंड पाणी 60 मिली. हलवा. पन्ह्यात तंतू असतील तर गाळून घ्या.

6. सांग्रिया: रेड वाइनची 750 मिलीची बाटली, दोन संत्र्यांच्या चकत्या, एका सफरचंदाच्या फोडी, मूठभर डाळिंबाचे दाणे, पाक 45 मिली. हे सर्व फ्रिजमध्ये चार तास ठेवा. वाढताना 300 मिली सोडा घाला. नाशिकची साधी रेड वाइन यासाठी उत्तम, महागाची गरज नाही.

गोव्यात मार्च ते मेच्या सुमारास मिळणारा उराक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचे पहिल्या धारेचे सौम्य मद्य, लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. उराक मोसमी आहे आणि तो तिथेच प्यावा. मिरची-मीठ-लिंबू ही जोडी मात्र इथे कोणत्याही लिंबू सोड्यात, मद्याशिवायही, वापरता येते.

एका ग्लासात किती मद्य गेले?

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर 42.8 टक्के असे लिहिलेले असते. 30 मिलीच्या पेगमध्ये त्या हिशोबाने सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 60 मिलीच्या ग्लासात 20 ग्रॅम, म्हणजे 5 टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरइतके. 8 टक्क्यांच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 41 ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. वरच्या सांग्रियाच्या एका ग्लासात साधारण 12 ग्रॅम.

10 ग्रॅम अल्कोहोल शरीरातून जायला अंदाजे एक तास लागतो. अनेकांना त्याहून जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ याने हा वेळ कमी होत नाही. ते काम यकृत आपल्या गतीनेच करते.

कॉकटेलचा खरा धोका इथेच आहे. नुसती व्हिस्की घशाला जळते, म्हणून माणूस सावकाश पितो. कोकम किंवा पन्ह्यातले मद्य जळत नाही. सरबतासारखे तीन ग्लास अर्ध्या तासात संपतात. अंदाजाने ओतणारा यजमान 30 ऐवजी सहज 50 मिली ओततो. मग तीन ग्लासांत पाहुण्याला तीनऐवजी पाच पेग गेलेले असतात आणि दोघेही 'तीनच तर घेतले' असे म्हणत असतात.

पाहुणे गाडीने आले असतील तर

मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. किती पेगला ही मर्यादा ओलांडली जाईल हे वजन, जेवण आणि वेळ यांवर अवलंबून असते. म्हणून 'एक चालतो' असा हिशोब करू नये. कळंबोलीच्या चौकात रात्रीही अवजड वाहनांची वर्दळ असते. जो गाडी चालवणार, त्याचा ग्लास मद्याशिवायचा, हे पहिल्या ग्लासाआधीच ठरवा. नाहीतर घरात एक गादी जास्तीची घाला.

त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. कोकम किंवा पन्ह्याच्या कृतीतून मद्य वगळा, तेवढाच सोडा किंवा पाणी वाढवा, ग्लास तोच ठेवा. कोणाच्या हातात काय आहे ते विचारायची वेळच येत नाही.

गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे यांनी मद्य घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याची पूर्णपणे सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. जो पीत नाही त्याला कॉकटेलच्या निमित्ताने सुरुवात करायला लावू नये. घरच्या बैठकीत आग्रह जेवणाचा करावा, ग्लासाचा नाही.

थोडक्यात

परवाना आणि वय तपासा. बाटली सीलबंद घ्या. लिंबू ताजे पिळा, पाक आधी करून ठेवा, बर्फ भरपूर घ्या. सोडा कधीही हलवू नका. प्रत्येक ग्लास मापाने भरा आणि कोणी किती घेतले याची नोंद यजमानाने मनात ठेवा. 1694 च्या हुकुमात पंच आपण करून घ्यायची मुभा होती, पण माप ठरलेले होते. घरी ते आपणच ठरवायचे असते.