भाऊराव कोल्हटकर आणि गाती रंगभूमी

मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या पिढीतील सर्वांत लोकप्रिय गायकनट म्हणजे भाऊराव कोल्हटकर. त्यांचे मूळ नाव लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. प्रेक्षक त्यांना प्रेमाने ‘भावड्या’ म्हणत. त्यांचा जन्म ९ मार्च १८६३ रोजी बडोद्यास झाला. तेथे ते कारकुनी करीत असतानाच त्यांच्या उंच, निर्मळ आवाजाची कीर्ती नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांपर्यंत पोहोचली आणि १८८२ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून किर्लोस्करांनी संगीत नाटक या नव्या नाट्यप्रकाराचा पाया घातला होता. पूर्वीच्या पौराणिक खेळांत सूत्रधार गाई आणि पात्रे अभिनय करीत. आता प्रत्येक पात्र स्वतःची पदे स्वतः म्हणू लागले. त्यामुळे गळा आणि अभिनय दोन्ही असलेला नट मंडळीला हवा होता. स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्याने नायिकेच्या भूमिकेसाठी ही गरज अधिकच होती. भाऊरावांनी ती पुरी केली. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’चा पहिला प्रयोग झाला, त्यातील त्यांची सुभद्रा अजोड ठरली. शकुंतला, ‘रामराज्यवियोगा’तील मंथरा आणि ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना या भूमिकाही त्यांनी गाजवल्या.

त्याच शतकात जर्मन ऑपेरात उलट, स्त्रीने पुरुषभूमिका गाण्याची रीतही होती. विल्हेल्मिना श्र्योडर-डेव्हरिएंट या गायिकेने १८४२ मध्ये ड्रेस्डेन येथे संगीतकार वाग्नरच्या ‘रिएन्झी’त तरुण पुरुषाची भूमिका गायिली. 

१८८५ मध्ये किर्लोस्कर वारले, तेव्हा मंडळी टिकली ती मुख्यतः भाऊरावांच्या गाण्यावर. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’त ते शूरसेन झाले, तर गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) कोदंड. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. गायक नायिकेची त्यांची परंपरा १९०५ मध्ये मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी पुढे नेली.

भाऊरावांचे हे यश पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांतले. पण पुरुषाने स्त्रीवेष घेऊन गाण्याची रीत खेड्यांतही होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दंडार या लोकनाट्यातील स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. याच भागात पुढे नाटक रुजले. धान घरात आल्यावर गावोगाव मंडप उभे राहतात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर नाटक चालते आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीने नट रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. शहरांत संगीत नाटकाचे प्रयोग विरळ झाले असले, तरी भंडाऱ्याच्या गावांत गाण्यावाचून नाटक आजही अपुरे मानले जाते. भाऊरावांच्या पिढीने घडवलेली ही आवड येथील प्रेक्षकांनी स्वतः तिकीट काढून जिवंत ठेवली आहे.