लिनक्स कर्नेलमधील ग्राफिक्स ड्रायव्हर

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत साठविलेल्या अंकांचे दृश्य रूप होय. हे अंक योग्य जागी लिहिणे, पडद्यावर किती बिंदू व दर सेकंदास किती वेळा उमटवावयाचे हे ठरविणे आणि कार्डातील गणनयंत्रणेस काम नेमून देणे ही कार्ये करणाऱ्या आज्ञावलीस ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. परिचालन प्रणालीच्या गाभ्यास कर्नेल ही संज्ञा आहे. यंत्रातील साधनांवर ताबा कर्नेलचाच असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. लिनक्स या मुक्त स्रोत कर्नेलने तबकडी, कळफलक इत्यादींच्या बाबतीत तो प्रथमपासून पाळला. पडद्याच्या बाबतीत मात्र त्यास सुमारे अठरा वर्षे लागली.

लिनस टॉरवॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेल्सिंकी येथे लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात केवळ मजकूर दाखविण्याची सोय होती. चित्रे व खिडक्या यांचे काम मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमकडे होते. तिची ‘एक्सफ्री८६’ ही आवृत्ती १९९२ पासून लिनक्सवर रूढ झाली. एक्स सर्व्हर कर्नेलबाहेर, पण सर्वाधिकार घेऊन चाले आणि कार्डाच्या रजिस्टरांत स्वतः लिहीत असे. अनेक परिचालन प्रणालींवर तोच सर्व्हर चालावा म्हणून ही रचना सोयीची होती. तिची किंमत मात्र वापरणाऱ्यास मोजावी लागे. एक्स सर्व्हर अडकला, की कर्नेल जिवंत असूनही पडदा व कळफलक दोन्ही निरुपयोगी होत. कर्नेल स्वतः कोलमडले, तर अखेरचा संदेश त्यास दाखविता येत नसे. कारण पडदा कोणत्या अवस्थेत आहे, हेच त्यास ठाऊक नसे.

पहिली सुधारणा अनपेक्षित दिशेने आली. मोटोरोला ६८००० मालिकेचे प्रक्रियक असलेल्या अटारी व अमिगा संगणकांत मजकुराची स्वतंत्र यांत्रिक सोय नव्हती. अक्षरे बिंदूंनीच काढावी लागत. त्यांच्यासाठी तयार झालेली ‘फ्रेमबफर’ पद्धती १९९९ मधील २.२ या आवृत्तीत सर्व संगणकांसाठी उपलब्ध झाली. तिच्यावरील मजकूरपटलास एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती वापरता येतात व आकृत्या जोडण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे देवनागरीतील जोडाक्षरे तेथे नीट उमटत नाहीत.

त्रिमितीय चित्रांची मागणी वाढल्यावर प्रिसिजन इनसाइट या संस्थेने ‘डायरेक्ट रेंडरिंग’ ही योजना आखली. तिचा कर्नेलमधील भाग, म्हणजेच डीआरएम, एकाच कार्डावर काम करणाऱ्या अनेक आज्ञावलींत मध्यस्थी करतो. मार्च २००० मधील एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर ही योजना प्रचारात आली. परंतु पडद्याची अवस्था ठरविण्याचे काम एक्स सर्व्हरकडेच राहिले. एका म्यानात दोन तलवारी, अशी ही स्थिती होती. २००४ मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडून एक्स.ऑर्ग पुढे आले, तरी ती बदलली नाही.

हे काम किती नाजूक असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. १,९२० × १,०८० बिंदूंचे चित्र सेकंदास ६० वेळा दाखवावयाचे, तर सु. १२·४४ कोटी बिंदू पुरेसे वाटतात. प्रत्यक्षात प्रचलित मानकानुसार १४·८५ कोटींचा ठेका धरावा लागतो. जुन्या ऋण किरण नलिकेत शलाका ओळीच्या आरंभी परतण्यास वेळ लागे. ती मोकळी जागा २,२०० × १,१२५ या मापाच्या रूपाने अद्याप टिकून आहे. ड्रायव्हरने प्रथम पडद्याकडून त्याची १२८ बाइटांची ओळखपत्रिका वाचावयाची, त्यावरून ठेका ठरवावयाचा आणि मग नियंत्रक, संकेतक व जोडणी यांची साखळी क्रमाने चालू करावयाची. क्रम चुकल्यास पडदा काळा राहतो. हे सारे कर्नेलकडे सोपविणारी ‘कर्नेल मोड सेटिंग’ ही व्यवस्था मार्च २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत, प्रथम इंटेलच्या चिपांसाठी, समाविष्ट झाली. तत्पूर्वी डिसेंबर २००८ मध्ये कार्डाच्या स्मृतीचे वाटप करणारी ‘जेम’ ही यंत्रणा आली होती. कीथ पॅकार्ड व एरिक अ‍ॅनहोल्ट हे तिचे कर्ते.

ताब्याचा प्रश्न सुटला, तरी माहितीचा प्रश्न उरला. कोणत्या रजिस्टरात काय लिहावे हे निर्मात्यासच ठाऊक असते. इंटेलने आपल्या अभियंत्यांकडूनच ड्रायव्हर लिहविले. एएमडीने २००७ मध्ये माहितीपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. एनव्हिडियाने मात्र मूळ संहिता न देता बंदिस्त ड्रायव्हरच पुरविला. तेव्हा स्वयंसेवकांनी ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर निरीक्षणाने घडविला. बंदिस्त ड्रायव्हर कार्डाशी करीत असलेला प्रत्येक व्यवहार टिपावयाचा, एक गोष्ट बदलून पुन्हा टिपावयाचा आणि दोहोंतील फरकावरून अर्थ लावावयाचा, अशी ही रीत. अज्ञात लिपी वाचणाऱ्या पुरालेखविदाच्या कामाशी तिचे साम्य आहे. २०१० मध्ये नूव्हो कर्नेलमध्ये दाखल झाला. पुढे २०१४ च्या सुमारास आलेल्या कार्डांत निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असलेल्या अंतर्गत आज्ञावलीवाचून वेग वाढविता येईना. वर्षानुवर्षांच्या श्रमांनी मिळविलेले ज्ञान अशा रीतीने एका कुलपाने निष्प्रभ केले.

निर्माता सहकार्यास तयार असला, तरी मतभेद उद्‍भवतच. एएमडीने २०१६ मध्ये पडद्यासंबंधीची जवळजवळ एक लक्ष ओळींची संहिता कर्नेलसाठी पुढे केली. ती अन्य प्रणालींसाठीही वापरता यावी म्हणून तिच्यात एक मधला थर होता. डीआरएमचे पालक डेव्ह एअरली यांनी डिसेंबर २०१६ मध्ये ती नाकारली. कारण तो थर समजून घेण्याचा व सांभाळण्याचा भार कायमचा इतरांवर पडला असता. नव्या कार्डांना लवकर आधार मिळावा, ही एएमडीची निकडही खोटी नव्हती. २०१७ मध्ये विक्रीस आलेल्या व्हेगा कार्डांवर मूळ कर्नेलमधून चित्रच दिसत नसे. फेरबदलांनंतर जानेवारी २०१८ मध्ये ४.१५ या आवृत्तीत ती संहिता स्वीकारली गेली. हा विलंब खरेदीदारांस जाचक झाला खरा. तथापि नकार योग्यच होता, असे त्या संहितेच्या पुढील देखभालीवरून म्हणता येते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या कर्नेलमधील भागाची संहिता खुली केली. परंतु तत्पूर्वीच पुष्कळसे काम कार्डावरील बंदिस्त आज्ञावलीकडे गेले होते. तिच्याशी संवाद साधणारा ‘नोव्हा’ हा नवा ड्रायव्हर रस्ट भाषेत लिहिला जात असून त्याचा प्रारंभिक भाग मे २०२५ मधील ६.१५ या आवृत्तीत समाविष्ट झाला.