कंपनाचा कांटा

वजन करावयाचें म्हटलें म्हणजे तराजू, पारडीं व मापें डोळ्यांपुढें येतात. परंतु जी वस्तु गुंजेच्या हिशेबांतही येत नाहीं, ती कोणत्या पारड्यांत घालावी? या प्रश्नाचें उत्तर पदार्थविज्ञानानें अलीकडे कसें मिळविलें, तें थोडक्यांत पाहूं.

उत्तराचें मूळ आपल्या तंबोऱ्यांतच आहे. जाड तारेचा स्वर खालचा, बारीक तारेचा उंच. म्हणजे वजन वाढलें कीं कंपनसंख्या घटते. मग तार इतकी हलकी केली कीं तिजवर बसलेल्या एका कणानेंही तिचा स्वर उतरावा, तर त्या उतारावरून कणाचें वजन कां काढतां येऊं नये?

अडचण तारेची होती. १९९१ सालीं जपानांतील सुमिओ इजिमा यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून कार्बनच्या नळ्या पाहिल्या. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. या नळ्यांची जाडी अशा मोजक्या नॅनोमीटरांची. १९९९ सालीं अमेरिकेंत जॉर्जिया टेक येथें वॉल्ट द हीर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशी नळी उलटसुलट विद्युद्दाबानें कांपवून तिच्या टोकास चिकटलेल्या कणाचें वजन सुमारें २२ फेम्टोग्रॅम ठरविलें. ग्रॅमचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोग्रॅम! २००८ सालीं बर्कली येथें अॅलेक्स झेट्टल यांच्या प्रयोगशाळेनें याच रीतीनें सोन्याच्या अणूंचें वजन केलें. पुढें २०१२ सालीं बार्सिलोना येथें आद्रियान बाख्तोल्ड प्रभृतींनीं ही सूक्ष्मता एका प्रोटॉनच्या वजनापर्यंत नेली.

तथापि एक शंका उरतेच. स्वर वजनानें बदलतो, तसा ताणानेंही बदलतो. आणि ताण उष्णतेनें बदलतो. शिवाय हवेचे रेणु येऊन आदळतात, ते निराळेच. म्हणून हा कांटा निर्वात पोकळींत व बहुधा कडाक्याच्या थंडींत ठेवावा लागतो. त्याची संवेदनक्षमता हाच त्याचा गुण व हाच त्याचा दोष.

परंतु दोषाचेंही साधन करतां येतें. २०१० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत मंदार देशमुख यांच्या गटानें एका अणूच्या जाडीचा ग्राफीनचा पडदा कांपविला व थंडीनें त्याचा स्वर कसा पालटतो हें मोजलें. त्यावरून सिद्ध झालें कीं, हा पदार्थ तापला असतां प्रसरण न पावतां आकुंचन पावतो. वजन करणारास जो व्यत्यय, तोच येथें ज्ञानाचा विषय झाला. कांट्यास कशामुळें ढळ लागतो हें ज्यानें नीट ओळखलें, त्यानेंच केलेल्या वजनावर विश्वास ठेवावा, हा या इतिहासाचा बोध होय.