सुरू होण्याआधी पेटणारं इंजिन

गेल्या पावसाळ्यात मी आठवडाभर रोज रात्री एक जर्मन विमान जाळत होतो. 'आयएल-टू स्टुर्मोविक : १९४६' हा २००६ साली आलेला, आता बराच म्हातारा झालेला लढाऊ विमानांचा सिम्युलेटर. त्यात मेसरश्मिट २६२ आहे. प्रत्यक्ष लढाईत उतरलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. धावपट्टीवर उभं राहायचं, इंजिनं सुरू करायची, थ्रॉटल जरा पुढे घ्यायचा, की डाव्या पंखाखालून आधी धूर आणि मग ज्वाळा. पुन्हा पहिल्यापासून.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. बग सापडत नसला की एक्सेल उघडायचं, ही सवय. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहीत गेलो: थ्रॉटल किती, किती सेकंदांत पुढे घेतला, कुठलं इंजिन पेटलं. गंमत म्हणजे त्याच जॉयस्टिकने त्याच खेळातली पंख्याची विमानं बिनतक्रार उडत होती. शेवटी जॉयस्टिककडून येणारे कच्चे आकडे आलेखावर काढले, तेव्हा चोर सापडला. जॉयस्टिक सेकंडहँड होती. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना जशी खरखर येते, तशी तिच्या थ्रॉटलची आतली पट्टी झिजली होती. हात दहा टक्क्यांवर स्थिर असतानाही मधूनच क्षणभर सत्तर टक्के असा आकडा जायचा. पंख्याच्या विमानाला असा झटका कळतही नव्हता. जेट मात्र पेट घ्यायचं.

दहा-बारा ओळींचा फिल्टर लिहिला आणि प्रश्न मिटला. पण खेळ लिहिणाऱ्यांनी ही नाजूक प्रकृती मुद्दाम का घातली असेल, हे डोक्यातून जाईना. खऱ्या इंजिनाबद्दल वाचायला बसलो, ते अजून चालूच आहे.

ते इंजिन म्हणजे युंकर्स कंपनीचं युमो ००४. डेसाऊमध्ये आन्सेल्म फ्रान्झ यांच्या गटाने केलेलं. पुढे आठ टप्प्यांचा कॉम्प्रेसर, मध्ये सहा ज्वलनकक्ष, मागे एका टप्प्याचं टर्बाइन. जेट इंजिनाची अडचण अशी की ते चालू असेल तरच चालतं. जाळायला दाबलेली हवा लागते, हवा दाबायला कॉम्प्रेसर फिरावा लागतो, आणि कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन फिरतं ते जळलेल्या वायूवर. म्हणून पहिला धक्का बाहेरून द्यावा लागतो. युमोमध्ये हा धक्का देणारं आणखी एक इंजिन होतं. तोंडाशी जो निमुळता गोळा दिसतो, त्याच्या पोटात रीडेल नावाचं दोन सिलिंडरचं, दहा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेलं होतं. ते विजेवर सुरू व्हायचं, आणि नाही झालं तर गोळ्याच्या टोकाशी असलेली कडी धरून दोरी ओढायची!

इथे मला आजोबांच्या विहिरीवरचा पंप आठवला. दोरी गुंडाळायची, हिसका द्यायचा, पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचा. कॉक लवकर फिरवला तर पंप खोकून बंद पडे आणि आजोबा माझ्याकडे बघत. युमोचंही तेच. सुमारे आठशे फेऱ्यांना पेट्रोल आणि ठिणगी, अठराशेच्या आसपास मुख्य इंधन (जे-टू नावाचं डिझेलसारखं तेल), आणि पुढे तीन हजारांवर इंजिन स्वतःच्या पायावर.

फरक एवढाच, की पंप बंद पडे आणि युमो जळे. हवा नुसती जाळायला नसते, ती इंजिन थंडही ठेवते. कॉम्प्रेसर जड असतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. इंधन मात्र लगेच येतं. थ्रॉटल झटक्यात पुढे घेतला तर हवा कमी, इंधन जास्त, आणि ज्योत ज्वलनकक्षाच्या बाहेर थेट टर्बाइनच्या पात्यांवर. इंधन मोजून देणारा गव्हर्नर युमोत होता, पण तो साधारण सहा हजार फेऱ्यांच्या वर काम करायचा. त्याखाली गव्हर्नर म्हणजे वैमानिकाचा डावा हात. माझ्या जॉयस्टिकने नेमक्या त्याच पट्ट्यात घात केला होता.

त्या काळी जाणत्या हातांनाही हे चुकलं नव्हतं. २५ मार्च १९४२ रोजी फ्रित्झ वेंडेलने या विमानाचं पहिलं जेट उड्डाण करायचा प्रयत्न केला, तेव्हा पंखांखाली बीएमडब्ल्यूची इंजिनं होती. दोन्ही हवेत बंद पडली. खबरदारी म्हणून नाकात एक पंख्याचं इंजिन ठेवलं होतं, त्यावर तो कसाबसा परतला. युमो लावून निव्वळ जेटवर उड्डाण झालं ते १८ जुलैला. पुढच्या वर्षी मे महिन्यात लढाऊ विमानदलाचा प्रमुख आडोल्फ गालांड स्वतः चालवून बघायला आला. पहिलं इंजिन व्यवस्थित सुरू झालं, दुसऱ्याने पेट घेतला. तो उडी मारून बाहेर आला आणि दुसऱ्या विमानात बसला. हे वाचून, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग पात्यांचं प्रकरण. १९४३ मध्ये टर्बाइनची पाती तुटू लागली. फ्रान्झ यांनी नंतर सांगितलेली हकिगत मला फार आवडते: पात्यांची नैसर्गिक कंपनसंख्या शोधायला एका संगीतकाराला बोलावलं. तो व्हायोलिनचा गज पात्यांवर फिरवायचा आणि कानाने सूर सांगायचा. कारणाचा उलगडा केला तो माक्स बेंटेले या अभियंत्याने. सहा ज्वलनकक्ष आणि टर्बाइनमागचे तीन आधार यांच्यामुळे फिरत्या पात्याला प्रत्येक फेरीत ठरावीक धक्के बसत होते, आणि पूर्ण वेगाला ते धक्के पात्याच्या स्वतःच्या सुराशी जुळत होते. उपाय साधे निघाले. पातं टोकाकडे जास्त निमुळतं केलं, एक मिलिमीटरने आखूड केलं, आणि कमाल वेग नऊ हजारांवरून ८७०० फेऱ्यांवर आणला. मी यापेक्षा सुंदर डीबगिंग पाहिलेलं नाही.

पण एक गोष्ट बुद्धीने सुटणारी नव्हती. तापल्यावरही टिकणाऱ्या पोलादाला निकेल, कोबाल्ट, क्रोमियम लागतं, आणि जर्मनीकडे ते पुरेसं नव्हतं. सुरुवातीच्या ००४-ए मध्ये चांगले धातू वापरले होते. कारखान्यात मोठ्या संख्येने करायचं ००४-बी मात्र टंचाईचं इंजिन होतं. ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे, वरून ॲल्युमिनियमचा थर. पाती निकेल नसलेल्या मिश्रधातूची, आतून पोकळ, म्हणजे हवा खेळवून थंड ठेवता येतील. अशा इंजिनाचं आयुष्य दहा ते पंचवीस तास. त्याच काळातलं ब्रिटिशांचं वेलंड हे साधं, जाडजूड इंजिन १८० तासांनी दुरुस्तीला जायचं.

हे कळल्यावर एका लाडक्या दंतकथेवरचा माझा विश्वास उडाला. हिटलरने या विमानाचं बॉम्बर करायचा हट्ट धरला नसता तर ते वर्षभर आधी आलं असतं आणि युद्ध पालटलं असतं, असं विमानप्रेमींच्या गप्पांत हटकून ऐकू येतं. हट्ट खरा होता. पण ००४-बीचा आराखडा कारखान्यांसाठी पक्का झालाच मुळी जून १९४४ मध्ये. इंजिनाशिवाय विमानांची रांग कुठल्या हुकुमाने लावणार? 'मॅनेजमेंटने घोळ घातला, नाहीतर आमचा कोड तयार होता' हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय (आणि म्हटलंय) की मला ते ओळखू येतं.

००४-डी या पुढच्या आवृत्तीत खालच्या वेगाला जास्त इंधन जाऊच नये अशी व्यवस्था केली होती. माझ्या दहा ओळींनी केलं तेच. चाचण्या पार पडल्या, उत्पादनाची तयारी झाली, आणि युद्ध संपलं.

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. मग इंजिनं कुठे बनत होती हे शोधलं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी १९४४ मध्ये युंकर्सला नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन टेकडीतल्या बोगद्यांचा उत्तरेकडचा भाग दिला गेला. दक्षिणेकडच्या भागात व्ही-टू रॉकेटं बनत. ते बोगदे वाढवले होते डोरा छळछावणीच्या कैद्यांनी. १९४३-४४ च्या हिवाळ्यात ते खोदायचे तिथेच आत झोपायचे, धुळीत आणि स्फोटांच्या आवाजात. डोरा आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे साठ हजार कैदी गेले, त्यांतले सुमारे वीस हजार मेले. घातपाताच्या आरोपावरून कैद्यांना फाशी दिली जात असे, इतर कैद्यांदेखत. विमानाचे सांगाडेही असेच, गुझनच्या छावणीतल्या कैद्यांकडून, भूमिगत कारखान्यात बनवून घेतले जात. व्हायोलिनचा गज आणि हा बोगदा एकाच इंजिनाच्या गोष्टीत आहेत. मला पहिला आधी भेटला, कारण तो इंजिनियर लोकांनी लिहून ठेवला होता.

खेळात यातलं काही नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. तो विमान कसं उडतं ते सांगतो. इंजिन जळलं की एक बटण दाबायचं, धावपट्टीवर नवं विमान, दोन कोरी इंजिनं.

एक आकडा मात्र मला सगळीकडे सापडत राहिला, कारण इंजिन किती स्वस्तात पडायचं हे सांगताना तो अभिमानाने दिला जातो. एक युमो ००४-बी बनवून पोचवायला फक्त ३७५ मनुष्यतास लागत, बीएमडब्ल्यूच्या एका पिस्टन इंजिनाला १४००. त्या रात्री ती जुनी एक्सेलची फाइल उघडली. ४३ ओळी, त्यांतल्या ३१ ओळींत 'पेटलं' लिहिलेलं. शेजारी एक नवा कॉलम केला आणि गुणाकार लावला. ११,६२५ तास.